आई-वडिलांसह न्यू यॉर्क : व्हिसा, प्रवेशाचे नियम आणि आठ दिवसांची आखणी

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गौरी-गणपती झाल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आई-वडील, पत्नी आणि मी असे चौघे अमेरिकेला जाण्याचा विचार करीत आहोत. पुढे महिनाभर डॅलसला धाकट्या भावाकडे मुक्काम आहे. मात्र त्याआधी आठ दिवस न्यू यॉर्क आपले आपण पाहावे, असा वडिलांचा आग्रह आहे. त्या शहरात आमच्या ओळखीचे कोणी नाही. वडील पंचाहत्तरीचे आहेत. त्यांचे गुडघे कुरकुरतात, तरी सपाट रस्त्यावर ते सावकाश चालतात. आई शाकाहारी आहे. तिला इंग्रजी समजते, पण बोलण्याचा सराव नाही.

कागदपत्रांची स्थिती अशी आहे. वडिलांचा दहा वर्षांचा व्हिसा अजून शिल्लक आहे, परंतु तो जुन्या, मुदत संपलेल्या पासपोर्टवर आहे. आईच्या व्हिसाची मुदत गेल्या हिवाळ्यात संपली. पत्नी आणि मी पहिल्यांदाच अर्ज करणार आहोत. एका प्रवास कंपनीच्या प्रतिनिधीने चौघांनाही नव्याने अर्ज करावा लागेल असे सांगितले, तर दुसऱ्याने आईला मुलाखतच नसते असे छातीठोकपणे सांगितले. नेमके खरे काय?

दुसरा प्रश्न प्रेक्षणीय स्थळांचा. वडिलांनी केलेल्या यादीने वहीची दोन पाने भरली आहेत. त्यातले काय पाहावे याहीपेक्षा काय गाळावे, हे जाणकारांनी सांगितल्यास बरे होईल.

सनदी

आधी कागदपत्रांचे पाहू, कारण ते झाल्याशिवाय बाकीची चर्चा हवेतच राहील.

वडिलांना नवा अर्ज करण्याची गरज नाही. व्हिसा वैध असेल आणि त्याचे पान फाटलेले किंवा खराब झालेले नसेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवून प्रवास करता येतो. दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवावेत. जुना पासपोर्ट मोठ्या बॅगेत गेला, तर विमानतळावर चेक-इनच्या खिडकीपाशीच अडचण सुरू होते.

आईच्या बाबतीत दुसरा प्रतिनिधी अर्धा बरोबर आहे. पूर्वी ७९ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि १४ वर्षांखालील मुलांना वयाच्या आधारावर मुलाखतीतून सूट मिळत असे. ती सरसकट सूट २ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली. मात्र पूर्ण मुदतीचा बी-१/बी-२ (पर्यटन व कामकाजी भेटीचा) व्हिसा संपून बारा महिने उलटले नसतील आणि मधल्या काळात नकार मिळालेला नसेल, तर नूतनीकरणासाठी मुलाखतीशिवाय अर्ज करता येतो. अंतिम निर्णय दूतावासाचा असतो, आणि त्यांनी बोलावले तर जावेच लागते. तेव्हा आईचा अर्ज आजच भरायला घ्या. बारा महिन्यांची ती मर्यादा एकदा ओलांडली, की त्यांनाही तुमच्याबरोबर रांगेत उभे राहावे लागेल.

तुम्हा दोघांसाठी क्रम असा : डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, १८५ डॉलर शुल्क, मग बोटांचे ठसे व छायाचित्रासाठी एक भेट आणि त्यानंतर वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत. अर्जात गेल्या पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे विचारली जातात. ती लपवू नयेत. छायाचित्र दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि चष्म्याशिवाय हवे. मुंबईत प्रथम अर्जदारांना तारखा फार पुढच्या मिळतात, आणि पूर्वी काही जण बँकॉक-सिंगापूरला जाऊन मुलाखत देत, तो मार्ग गेल्या सप्टेंबरपासून जवळजवळ बंद झाला आहे. आता नागरिकत्व किंवा वास्तव्य असलेल्या देशातच अर्ज करावा, असा नियम आहे.

माजघर

सनदी यांनी सर्व नीट सांगितले आहे. त्यात आपल्याकडच्या बायकांसाठी एक भर घालते. डीएस-१६० मध्ये पूर्वीची इतर नावे विचारतात. आपल्याकडे लग्नानंतर आडनावच काय, तांदळाच्या ताटात लिहून पहिले नावही बदलण्याची पद्धत होती. आईंचे शाळेच्या दाखल्यावरचे माहेरचे नाव वेगळे असेल, तर ते तेथे लिहावे. आधीच्या अर्जात ते दिले असेल, तर या वेळी त्याच स्पेलिंगने द्यावे. विमानाच्या तिकिटावरही पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे, म्हणजे वडिलांचे किंवा पतीचे मधले नाव त्यात असेल तर त्यासह, असावे.

चौकस

आमंत्रणपत्र, भावाची प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचे दाखले, घराचा सात-बारा, हे सगळे घेऊन जावे की नाही? माझ्या शेजाऱ्यांनी चार किलोची फाइल नेली होती.

सनदी

@चौकस, न्यावे, पण ते कोणी पाहीलच अशी अपेक्षा ठेवू नये. पर्यटक व्हिसासाठी आमंत्रणपत्र ही अटच नाही. कायद्याच्या कलम २१४(ब) नुसार अर्जदार अमेरिकेत कायमचा राहण्याच्या इराद्याने येत आहे असे गृहीत धरले जाते, आणि ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. त्यासाठी मिळतात दोन-तीन मिनिटे. तेवढ्या वेळात ‘कोठे जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार, येथे काय करता’ या प्रश्नांची सरळ, थोडक्यात आणि अर्जाशी जुळणारी उत्तरे देणे हेच महत्त्वाचे. सात-बारा दाखवण्याची वेळ आलेली मी अद्याप ऐकलेली नाही.

मुंबईत मुलाखत मराठीतून देता येते, हेही लक्षात असू द्या. आईंना बोलावले गेलेच, तर त्यांनी मराठी निवडावी.

तिसरा मजला

येथे माझे मत वेगळे आहे. थोडेफार इंग्रजी येत असेल तर इंग्रजीतच बोलावे. मराठी निवडली की दुभाषा मध्ये येतो, आणि उत्तराचा रोख बदलण्याची शक्यता राहते.

माजघर

@तिसरा मजला, बरोबर उलटे आहे. अडखळत इंग्रजी बोलताना माणूस ‘सून बाळंत होणार आहे’ या एका वाक्यातून आपण बाळ सांभाळण्याच्या नोकरीला निघालो आहोत असा समज करून देऊ शकतो. ज्या भाषेत आपण घाबरत नाही, त्या भाषेत बोलावे.

हडसनकाठ

मी गेली अनेक वर्षे न्यू यॉर्कमध्ये राहतो. धागाकर्त्यांना पहिली सूचना अशी, की सप्टेंबरचा शेवटचा आठवडा कृपया बदला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे उच्चस्तरीय सत्र सप्टेंबरच्या उत्तरार्धात असते. त्या दिवसांत जगभरातील राष्ट्रप्रमुख शहरात असतात, मिडटाउनच्या पूर्व भागातील रस्ते बंद ठेवले जातात, बस भलत्याच मार्गाने जातात आणि हॉटेलांचे दर गगनाला भिडतात. संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय आतून पाहण्याची सोयही त्या काळात बंद असते. ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. हवा थंड पण सोसवणारी असते, आणि हडसनच्या खोऱ्यातील झाडांचे रंग तेव्हाच पाहण्यासारखे होतात. मुलाखतीची तारीख मिळण्यासाठीही तेवढाच जास्त अवधी मिळेल.

राहण्याविषयी सांगायचे, तर संकेतस्थळांवर दिसणारे ‘संपूर्ण घर भाड्याने’ हे पर्याय या शहरात बहुधा मिळणार नाहीत. सप्टेंबर २०२३ पासून कडक अंमलबजावणी सुरू झालेल्या नियमानुसार, तीस दिवसांहून कमी काळासाठी घर देताना यजमानाने तेथेच राहणे आणि नोंदणी करणे आवश्यक आहे, आणि पाहुणेही दोनच ठेवता येतात. तुम्ही चौघे आहात, हॉटेलच घ्या. मॅनहॅटनमध्ये परवडत नसेल, तर नदीपलीकडे क्वीन्समधील लाँग आयलंड सिटी पाहा. तेथून सबवेची, म्हणजे भुयारी रेल्वेची, ‘७’ क्रमांकाची गाडी एका बाजूला ग्रँड सेंट्रल आणि टाइम्स स्क्वेअरला जाते, तर दुसऱ्या बाजूला जॅक्सन हाइट्स आणि फ्लशिंगला. म्हणजे वडिलांची प्रेक्षणीय स्थळे आणि आईंचे जेवण, दोन्ही एकाच गाडीवर.

अनारसे

आईंच्या जेवणाचा विषय निघालाच आहे. जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर वाणसामानापासून मिठाईपर्यंत सारे मिळते. फ्लशिंगच्या बाउन स्ट्रीटवरील गणपतीच्या देवळाची प्रतिष्ठापना १९७७ची, आणि त्याच्या तळघरातील उपाहारगृहात डोसा उत्तम मिळतो. मॅनहॅटनमध्ये असाल, तर लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर २५ ते ३०व्या रस्त्यांच्या दरम्यान भारतीय उपाहारगृहांची रांगच आहे. उपाहारगृहात १८ ते २० टक्के टिप द्यावी लागते, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा; बिल आल्यावर सांगितल्यास जेवण अंगी लागत नाही.

किनारा

भारतातून खाण्याचे काय नेता येते, यावर कोणी नीट लिहील का? माझ्या वहिनींचा कढीपत्ता विमानतळावर काढून घेतला होता.

अनारसे

@किनारा, ताजा कढीपत्ता नेताच येत नाही, कारण त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड जाते. ताजी फळे, भाज्या, बियाणे आणि मांस यांचेही तेच. आंबा तर विचारूच नका. भारतातून व्यापारी मार्गाने जाणारा आंबासुद्धा २००७ पासून विकिरण प्रक्रिया करूनच तेथे पोहोचतो. लाडू, चकल्या, चिवडा, मसाले, पापड हे सहसा चालते. मात्र विचारल्यावर ‘खाद्यपदार्थ आहेत’ असे स्पष्ट सांगावे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो.

दोन गोष्टी आपल्याच लोकांना नेमक्या भोवतात. पहिली भाजणी आणि मेतकूट. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात साधारण ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक पूड असेल, तर तिची वेगळी तपासणी होते आणि खात्री न पटल्यास ती टाकून द्यावी लागते. थालीपिठाची भाजणी मोठ्या बॅगेत घाला. दुसरी खसखस. तुमचे विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल, तर खसखस अजिबात नेऊ नका, कारण संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते. हे माझ्या सदस्यनामाच्या विरोधात जाते, तरीही सांगते : अनारसे घरी खाऊन निघावे.

चौकस

म्हणजे अमेरिकेच्या व्हिसापेक्षा अनारशाचा व्हिसा कठीण.

पूर्वरंग

अबुधाबीचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. तेथून जाणाऱ्या विमानांसाठी अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम्स तपासणी अबुधाबी विमानतळावरच होते. न्यू यॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशांप्रमाणे सामान घेऊन बाहेर पडता येते. दीर्घ प्रवासानंतर ज्येष्ठांना रांगेत उभे राहावे लागत नाही, हा मोठा फायदा आहे. मात्र दोन विमानांच्या मध्ये किमान तीन तास तरी हवेत.

याउलट मुंबईहून थेट न्यू यॉर्कला जाणारे विमान घेतले, तर मधला बदल टळतो. तपासणी तेथे उतरल्यावर होते.

तिसरा मजला

ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर मागावी हे उत्तम. पण एक तक्रार नोंदवतो. धडधाकट मंडळीसुद्धा केवळ रांग चुकवण्यासाठी व्हीलचेअर मागतात आणि बाहेर आल्यावर टणाटण चालू लागतात. भारतातून जाणाऱ्या काही विमानांत अशा खुर्च्यांची रांग इतकी लांब असते, की खरोखर गरज असलेल्याला तासभर थांबावे लागते.

माजघर

@तिसरा मजला, तक्रार खरी आहे. परंतु कोणाचा गुडघा किती वेळाने बोलू लागतो, हे बाहेरून दिसत नाही. जो माणूस घराजवळच्या बागेत दोन फेऱ्या मारतो, त्याला पंधरा-सोळा तासांच्या प्रवासानंतर दीड तास एका जागी उभे राहता येईलच असे नाही. गोदाकाठ यांनी वडिलांसाठी तिकीट काढतानाच मागणी नोंदवावी.

सनदी

या चर्चेत सर्वांत महत्त्वाची बाब मागे पडू नये. व्हिसावरील तारीख म्हणजे राहण्याची मुदत नव्हे. व्हिसा तुम्हाला दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचे, ते प्रवेशाच्या वेळी अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पर्यटकांना साधारणपणे सहा महिने मिळतात. पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल, तर आय-९४ची तारीखही तेथपर्यंतच आखडते. ही नोंद आता ऑनलाइन असते. पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत चौघांच्या नोंदी अधिकृत संकेतस्थळावर उघडून पाहाव्यात आणि नाव, जन्मतारीख, व्हिसाचा वर्ग यांत काही चूक असल्यास लगेच दुरुस्त करून घ्यावे. ती पाहण्यास पैसे पडत नाहीत. शुल्क मागणारी संकेतस्थळे अधिकृत नसतात.

विमानतळावर अधिकाऱ्याने ‘किती दिवस राहणार’ असे विचारल्यास ‘सहा महिने’ असे मोघम उत्तर देऊ नये. परतीच्या तिकिटाची तारीख सांगावी. पुढे डॅलसच्या विमानासाठी ओळखपत्र म्हणून तुमचा भारतीय पासपोर्टच चालतो. मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासाला जे नवे ओळखपत्र लागू लागले आहे, त्याची काळजी भावाने करायची.

थेम्सचा पूर

आम्ही लंडनला राहतो आणि माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे, पत्नीचा अजून भारतीय. मला व्हिसा नको, फक्त ईस्टा नावाची ऑनलाइन परवानगी पुरते. तिचे शुल्क गेल्या वर्षी २१ वरून ४० डॉलर झाले. पत्नीला मात्र वर सांगितलेली सर्व प्रक्रिया करावी लागली. एकाच घरातल्या दोघांनी एकाच विमानाने जाताना एकमेकांचे नियम गृहीत धरू नयेत.

भटका जोशी

आता वडिलांच्या यादीकडे वळू या. माझे स्पष्ट मत आहे, की पाच-सहा स्थळांचा एकत्रित पास घ्यावा. सिटीपास नऊ दिवस चालतो, त्यात एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि नैसर्गिक इतिहासाचे संग्रहालय असते, बाकीची तीन स्थळे आपण निवडायची. सुटी तिकिटे काढण्यापेक्षा बरीच बचत होते. एवढ्या लांब जाऊन हात आखडता घेण्यात अर्थ नाही.

हडसनकाठ

पास वाईट नाही, परंतु तो हाती आला की पैसे वसूल करण्याची घाई मागे लागते, आणि त्या घाईचा भार वडिलांच्या गुडघ्यांवर पडेल. उंचावरून शहर पाहण्याची ठिकाणेच पाच आहेत : एम्पायर स्टेट, टॉप ऑफ द रॉक, वन वर्ल्ड, एज आणि समिट. पाचही उत्तम आहेत, आणि पाचांतले एकच पाहावे. टॉप ऑफ द रॉकवरून एम्पायर स्टेट बिल्डिंग समोर दिसते, ती तिच्यावर उभे राहून दिसत नाही. म्हणून माझा कौल टॉप ऑफ द रॉकला. सूर्यास्ताच्या वेळेची तिकिटे महाग असतात. त्याच्या दीड तास आधी गेल्यास गर्दी जरा कमी मिळते.

स्वातंत्र्यदेवतेच्या बाबतीत वडिलांना मुकुटापर्यंत जायचे असेल, तर त्यांना नम्रपणे नाही म्हणा. शेवटच्या १६२ पायऱ्या अरुंद, गोल आणि लिफ्टशिवाय आहेत. चबुतऱ्याच्या वरच्या सज्जापर्यंतचे तिकीट घ्यावे, तेथे लिफ्ट आहे. पण तेही आगाऊ काढावे लागते. बेटावर उतरवणारी होडी एकाच अधिकृत कंपनीची आहे, आणि ती मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील बॅटरी पार्कमधून किंवा न्यू जर्सीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून सुटते. बाहेर जाकीट घालून तिकीट विकणाऱ्यांकडून काही घेऊ नये. होडीत चढण्यापूर्वी विमानतळासारखी तपासणी होते, त्यामुळे सकाळची पहिली वेळ घ्यावी. त्याच तिकिटात एलिस बेट येते, आणि बहुतेक पर्यटक ते घाईत उरकतात. १८९२ ते १९५४ या काळात एक कोटी वीस लाखांहून अधिक स्थलांतरित तेथून अमेरिकेत शिरले. व्हिसाच्या रांगेतून ताजेताजे सुटलेल्या माणसाने त्या नोंदणीच्या भव्य दालनात जरूर बसावे. बाके आहेत, वडिलांनाही विश्रांती मिळेल.

ज्यांना पुतळा केवळ समोरून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी स्टेटन आयलंड फेरी आहे. ती पूर्णपणे विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि एका बाजूला सुमारे २५ मिनिटे लागतात. जाताना उजव्या बाजूला उभे राहावे. या फुकटच्या फेरीचीही तिकिटे विकणारे महाभाग धक्क्याबाहेर भेटतात.

भटका जोशी

@हडसनकाठ, पाचांतले एकच, हे पटत नाही. रात्रीचे शहर आणि दिवसाचे शहर ही दोन वेगळी दृश्ये आहेत. निदान दोन तरी हवीत.

हडसनकाठ

मग दुसरे ब्रुकलिनच्या किनाऱ्यावरून, अंधार पडल्यावर, बाकावर बसून पाहावे. तिकीट नाही, लिफ्ट नाही, रांग नाही. ब्रुकलिन ब्रिज पायी ओलांडायचा असेल, तर ब्रुकलिनकडून मॅनहॅटनकडे चालावे. समोर इमारती दिसत राहतात. वडील अर्ध्यावरून परत आले तरी चालते. पूल १८८३चा आहे, तो कोठे जात नाही.

वाटसरू

सबवेविषयी दोन शब्द. एका खेपेचे भाडे जानेवारीपासून तीन डॉलर झाले आहे. मेट्रोकार्डाची विक्री २०२५च्या अखेरीस थांबली, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांतील सल्ला सोडून द्या. आता फाटकावर आपले बँकेचे कार्ड किंवा फोन टेकवून आत जाता येते. त्यासाठी निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातील व्यवहार आणि कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही सुरू करून ठेवावीत. प्रत्येकाने आपले एकच कार्ड सतत वापरावे, कारण दोन तासांच्या आत बसमधून सबवेत बदलल्यास दुसरे भाडे लागत नाही, आणि सात दिवसांत ठरावीक रकमेनंतर पुढचा प्रवास फुकट होतो. हे दोन्ही हिशेब कार्डावरून होतात.

मात्र ज्येष्ठांसाठी माझा सल्ला बसचा आहे. सबवेच्या निम्म्याहून अधिक स्थानकांत लिफ्ट नाही, आणि ज्यांत आहे तेथे ती त्याच दिवशी नादुरुस्त निघू शकते. बस मात्र थांब्यावर उभी राहिली की पुढच्या दाराकडून खाली झुकते. दार उघडल्यावर फुस्स असा आवाज होतो आणि पायरी पदपथाच्या जवळपास टेकते. चढताना गुडघा फारसा उचलावा लागत नाही. शिवाय खिडकीतून शहर दिसते. पाचव्या ॲव्हेन्यूने दक्षिणेकडे येणारी कोणतीही बस पकडली, तर सेंट्रल पार्कची कड, संग्रहालये, मोठी दुकाने असे सारे बसल्याजागी पाहून होते.

रानजाई

मेट्रोपॉलिटन संग्रहालय बुधवारी बंद असते, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते. बाहेरगावच्या प्रौढांना ३० डॉलर आणि ज्येष्ठांना २२ डॉलर तिकीट आहे. ‘वाटेल तेवढे द्या’ ही सवलत २०१८ पासून फक्त न्यू यॉर्क राज्यातील रहिवाशांना आणि आसपासच्या विद्यार्थ्यांना उरली आहे. आत व्हीलचेअर विनामूल्य मिळते. सगळे पाहण्याचा प्रयत्न करू नये. इजिप्तचे डेंडूरचे मंदिर, दक्षिण आशियाची दालने आणि एखादे युरोपीय चित्रदालन, एवढ्यावर दिवस संपवावा.

९/११ स्मारकाचे दोन जलाशय उघड्यावर आहेत आणि तेथे तिकीट लागत नाही. तिकीट लागते ते जमिनीखालच्या संग्रहालयाला. कठड्यावर २,९८३ नावे कोरलेली आहेत, आणि ज्या व्यक्तीचा त्या दिवशी वाढदिवस असतो तिच्या नावात पांढरा गुलाब खोचलेला दिसतो. आई-वडिलांचे मन हळवे असेल, तर संग्रहालयात जाण्याआधी विचार करावा. आतील ध्वनिमुद्रणे ऐकवत नाहीत.

निळा ध्वज

एवढ्या प्रतिसादांत कोलंबिया विद्यापीठाचा उल्लेख कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तेथे शिकले. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले, पुढे १९२७ मध्ये त्यांना पीएच.डी. प्रदान झाली आणि १९५२ मध्ये विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. ते राहत असलेल्या लिव्हिंग्स्टन हॉलला आज वॉलक हॉल म्हणतात. लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाने टाइम्स स्क्वेअरला दोन संध्याकाळी देण्यापेक्षा येथे एक सकाळ द्यावी.

हडसनकाठ

@निळा ध्वज, अगदी योग्य सूचना. माझ्याकडून ती यायला हवी होती. फक्त एक महत्त्वाची अडचण आहे. पूर्वी ११६व्या रस्त्यावरच्या दारातून कोणीही आत जात असे. २०२४ पासून विद्यापीठाने आवारात प्रवेशाला निर्बंध घातले आहेत; ओळखपत्रधारकांना आणि त्यांनी आधी नोंदवलेल्या पाहुण्यांनाच आत सोडतात. तेव्हा जाण्यापूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सध्याची स्थिती पाहावी, आणि तेथे शिकणारा कोणी मराठी विद्यार्थी ओळखीतून मिळाला तर पाहुणे म्हणून नोंदणी करून घ्यावी. अर्धपुतळा ग्रंथालयाच्या आत आहे, त्यामुळे तेथल्या प्रवेशाचीही त्याच वेळी चौकशी करावी. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाजवळच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवरून उत्तरेकडे जाणारी ‘एम४’ बस थेट विद्यापीठाच्या दारावरून जाते.

रानजाई

याच ओघात पोकिप्सीचेही सुचवते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३च्या जूनमध्ये न्यू यॉर्क बंदरातच उतरल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिसिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि त्या पोकिप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावल्या आहेत. ग्रँड सेंट्रलहून आगगाडीने सुमारे दोन तास लागतात. स्थानकापासून टॅक्सी करावी लागते, आणि दफनभूमीच्या कार्यालयात विचारल्यास जागा दाखवतात.

भटका जोशी

आठ दिवसांतला एक संपूर्ण दिवस एका थडग्यासाठी? श्रद्धा मान्य आहे, परंतु पंचाहत्तरीच्या गृहस्थांना त्यापेक्षा नायगारा दाखवावा.

वाटसरू

@भटका जोशी, नायगारा न्यू यॉर्क शहरापासून मोटारीने सहा-सात तासांवर आहे. एका दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्या सहली निघतात खऱ्या, पण त्यांत धबधबा कमी आणि बसची खिडकी जास्त पाहून होते. पोकिप्सीचा प्रवास नदीच्या काठाकाठाने, आरामात बसून होतो. शिवाय तेथे हडसनवरचा जुना रेल्वेपूल २००९ पासून पादचाऱ्यांसाठी खुला आहे. तो सपाट आहे, एकही पायरी नाही.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईचा अर्ज काल भरला. माहेरचे नाव आधीच्या अर्जात जसे होते, तसेच या वेळी दिले आहे. आमच्या दोघांच्या मुलाखतीसाठी तारखा शोधणे सुरू आहे, आणि प्रवास ऑक्टोबरच्या मध्यावर ढकलला आहे. सर्व प्रतिसाद छापून वडिलांना दिले. त्यांनी यादीतून मुकुट, नायगारा आणि उंचावरची चार ठिकाणे स्वतःच्या हाताने खोडली, आणि कोलंबिया व पोकिप्सी ही दोन नावे सर्वांत वर लिहिली. पासाचा निर्णय अद्याप झालेला नाही. आईचे म्हणणे असे, की आधी मुलाखतीची तारीख हाती येऊ द्या.

एकच शंका उरली आहे. पोकिप्सीच्या गाडीचे तिकीट आगाऊ काढावे लागते का, आणि नदी कोणत्या बाजूने दिसते?

वाटसरू

आगाऊ आरक्षण नसते; त्या दिवशी ग्रँड सेंट्रलवरील यंत्रावर किंवा रेल्वेच्या ॲपवर तिकीट काढावे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या गाड्यांचे भाडे अधिक असते, म्हणून नऊ-साडेनऊनंतरची गाडी पाहावी. ज्येष्ठांना सवलतीचे तिकीट मिळते, त्यासाठी वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट बरोबर असू द्यावा. नदी जाताना डाव्या हाताला दिसते आणि येताना उजव्या. जागांवर क्रमांक नसतात, तेव्हा गाडी सुटण्याच्या वीस मिनिटे आधी फलाटावर पोहोचावे. ऑक्टोबरात डावीकडच्या खिडक्या आधी भरतात.